रुजलेली: शून्य

शेवटच्या दिवशी पेठेबाईंनी चहाऐवजी कोकम सरबत सांगितलं
आणि प्रशस्तिपत्रावर माझं नाव चुकलं.
ऋजुताचं रुजुता.
"बदलून देऊ का?" चष्मा कपाळावर सारत त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, राहू द्या.

एकोणपन्नास दिवस.
ठाणे स्टेशन ते पाटोणापाडा, टीएमटीची बस,
मग पत्र्याच्या छपराची ती खोली
जिथं पंखा लावायला बंदी होती,
कारण पहिल्याच दुपारी मी तो लावला
आणि टेटूच्या बिया, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या,
खोलीभर झाल्या.
दोनशे छत्तीस होत्या. दोनशे एकतीस सापडल्या.
उरलेल्या पाचांपुढे मी लिहिलं: वाऱ्याने गेल्या.
पेठेबाईंनी लाल पेनानं दुरुस्त केलं: पंख्याने.

आत्या म्हणाली, येऊरला झाडं आपली आपण येतात की गं,
त्यांना कशाला हवी इंटर्न?
बाबांनी विचारलं, मानधन?
बसभाडं सुटतं, म्हटलं.

सोनकी वरठा मोजायची नाही.
मूठ भरून कानाशी हलवायची,
"हं" म्हणायची, नाहीतर "पोकळ".
तेच मी काढायचे, टक्क्यांत,
तीन दिवसांनी.

बी जिवंत आहे का, ते कापल्यावर कळतं.
आत पांढरं, ओलसर, घट्ट असेल
तर जिवंत आहे.
म्हणजे, होतं.
बिवळ्याच्या दहा बिया मी ब्लेडनं उभ्या चिरल्या.
आठ चांगल्या निघाल्या.
वहीत त्यालाही रकाना आहे: तपासणीत खर्च.
त्या रात्री आईनं मोड आलेले वाल सोलायला पुढ्यात ठेवले,
पातेलंभर,
सगळेच्या सगळे रुजलेले,
फडक्यात, ओट्यावर, एका रात्रीत,
कुणीही तापमान लिहून न ठेवता.
मी किती तरी वेळ नुसती बघत बसले.
आई म्हणाली, हात चालव.

तो बिवळा घोडबंदर रोडला,
कासारवडवलीच्या पुढं, एका पेट्रोल पंपामागं.
एप्रिलात त्याच्याखाली चपट्या गोल शेंगा वेचल्या,
कुणाच्या तरी खिशातून सांडलेल्या चिल्लरीसारख्या.
पंपावरचा पोरगा विचारायचा, औषधाला का?
मेमध्ये परत गेलो, तर खोडावर
पांढऱ्या रंगात आकडा: ११४७.
आमच्या वहीत त्याचा आकडा वेगळा होता.
सोनकीनं नखानं रंग खरवडला,
जरा जास्तच खोल.
लाल चीक आला.
तिनं बोट पदराला पुसलं. काही बोलली नाही.
आज सरबताचा पेला माझ्या हातात देताना
पदरावर तो डाग तसाच होता,
धुवून धुवून कडेनं तपकिरी झालेला.

पेरलेली: दोनशे. रुजलेली: शून्य.
रोज सकाळी ट्रेवर वाकायचं,
माती नखभर बाजूला करायची, परत लोटायची,
आणि लिहायचं.
चौतीस शून्यं, एकाखाली एक.
सुरुवातीची घाईत काढलेली, वाकडी.
नंतरची मी जरा सुबक काढू लागले,
दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

निघण्याआधी पट्टी घेऊन
पुढच्या ओळी आखल्या, तारखा घातल्या,
तीस जूनपर्यंत,
आणि सोनकीच्या जयवंतीला,
दहावीचा निकाल लागायचाय तिचा,
कुठं काय लिहायचं ते दाखवलं.
तिनं पान जवळ ओढलं.
"ताई, हा रकाना केवढासा.
आणि आली तर?
तीन आकडे मावायचे नाहीत यात."

बस साडेपाचला.
मी पट्टी परत काढली,
खोडरबर मागितलं,
आणि रकाना रुंद केला.